महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघासाठी मुख्य प्रशिक्षक नेमायचा आहे. तिघांतून निवड कशी करावी?

कृष्णाकाठ_जिमखाना (सांगली)

सप्रेम नमस्कार. मी सांगलीतील एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि यंदा जिमखाना समितीचे काम पाळीने माझ्याकडे आले आहे. बास्केटबॉल मी आयुष्यात कधी खेळलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या प्रश्नातील अज्ञान आपण सांभाळून घ्याल.

आमच्या संघाला बावीस वर्षे एकच प्रशिक्षक होते. ते महाविद्यालयाचे कर्मचारी नव्हते. बँकेतील नोकरी आटोपून संध्याकाळी साडेपाचला मैदानावर येत, वर्षाकाठी जे मानधन मिळेल ते घेत आणि त्यातलेही बरेचसे चेंडू आणि रिंगच्या जाळ्या यांवर घालवत. गेल्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. त्यांची नेमणूक कोणी, कधी आणि कोणत्या ठरावाने केली होती याचा शोध घेतला, तेव्हा कार्यालयात एकही कागद सापडला नाही. त्यामुळे मुख्य प्रशिक्षक नेमण्याची वेळ आमच्यावर खरे तर पहिल्यांदाच आली आहे.

तीन अर्ज आले आहेत. पहिले गृहस्थ कोल्हापूरचे, वय तिशीच्या आसपास, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची, बास्केटबॉलमधील पदविका घेतलेले. येताजाता रोज पन्नास पन्नास किलोमीटरचा प्रवास करण्याची त्यांची तयारी आहे. दुसरा आमचाच माजी विद्यार्थी. विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, मिरजेत औषधांचे दुकान चालवणारा आणि मुलांचा अत्यंत लाडका. तिसरे एका माध्यमिक शाळेतील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, बी.पी.एड., अनुभव वीस वर्षांचा, पण तो खो-खो, कबड्डी, धावणे आणि बास्केटबॉल अशा चार खेळांत वाटला गेलेला.

आमचे मैदान सिमेंटचे आणि उघड्यावरचे आहे. एका बाजूचा बोर्ड तडकलेला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा हे मैदान काही दिवस पाण्याखाली होते आणि तेव्हापासून त्याच्या एका कोपऱ्यात चेंडू हवा तसा उसळत नाही. मानधन सहा महिन्यांपुरते मंजूर झाले आहे. प्राचार्य, संस्थेचे एक विश्वस्त आणि मी अशा तिघांनी प्रत्येकी दहा मिनिटांची मुलाखत घ्यावी असे ठरले आहे. दहा मिनिटांत मला प्रयोगशाळेतला परिचरसुद्धा निवडता आलेला नाही.

प्रमाणपत्राला किती वजन द्यावे, चांगला खेळलेला माणूस चांगला शिकवेलच असे धरावे का, आणि मुलांचा व मुलींचा असे दोन्ही संघ एकाच प्रशिक्षकाकडे द्यावेत का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मातीतून_मॅटवर (कराड)

प्राध्यापक महोदय, तिघांपैकी कोण असे आपण विचारले आहे, पण त्याआधीचा प्रश्न आपल्याच मजकुरात दडलेला आहे. या माणसाने नेमके काय करायचे, हे आपल्या समितीने कोठे लिहून ठेवले आहे का? मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षे क्रीडासंचालक होतो आणि त्या काळात बाहेरून आणलेले निरनिराळ्या खेळांचे सहा प्रशिक्षक पाहिले. त्यांतील चार जण सोडून गेले, आणि ते काही खेळ येत नव्हता म्हणून गेले नाहीत. एकाला साहित्याच्या खोलीची किल्ली वेळेवर मिळत नसे, एकाला संघ निवडण्याचा अधिकार नव्हता कारण यादी वरून येई, आणि उरलेल्या दोघांचे मानधन पुढच्या आर्थिक वर्षात निघाले. म्हणून मुलाखतीच्या आधी एक पानभर मजकूर तयार करा: सराव आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजता, संघनिवडीत अंतिम शब्द कोणाचा, मुलींच्या संघाची जबाबदारी आहे की नाही, हजेरी आणि अभ्यास यांबाबत प्रशिक्षकाने काय पाहायचे, सामन्यांना जाताना प्रवासभत्ता कोण देणार, मानधन किती आणि कोणत्या तारखेला. हे पान हातात आले की तिघांपैकी निदान एक अर्ज आपोआप मागे पडेल, असा माझा अनुभव आहे.

आता प्रमाणपत्राविषयी. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी आहे, तिच्यात अनेक खेळांची ओळख होते. एनआयएसची पदविका एका खेळाच्या प्रशिक्षणासाठी असते आणि तिच्यात सरावाचे वर्षभराचे नियोजन, शरीरक्रिया, दुखापती हे सगळे त्या खेळाच्या अंगाने शिकवले जाते. दोन्हींना एकाच तागडीत तोलू नये. त्याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो आणि लोक सर्रास दोन्हींना ‘एनआयएस’ म्हणतात, म्हणून अर्जासोबत जोडलेला कागद कोणता आहे तेवढे डोळ्यांनी पाहून घ्या.

प्रमाणपत्राचा उपयोग नाही असे मात्र मी कदापि म्हणणार नाही. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा त्यांची सारी कुस्ती तांबड्या मातीतली होती, आणि मॅटवरची कुस्ती व तिचे आंतरराष्ट्रीय नियम वेगळे होते. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाकडून त्यांना मार्गदर्शन मिळाले, ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. ताकद आणि चपळाई त्यांच्याजवळ इथलीच होती, पण मॅट समजावून सांगणारा माणूस त्यांना लागलाच. आपली मुले सिमेंटवर खेळतात आणि पुढे कधीतरी लाकडी तळाच्या बंदिस्त मैदानावर त्यांना खेळावे लागते. तिथला थांबा वेगळा, उसळी वेगळी. हा फरक माहीत असलेला कोणीतरी संघाजवळ असावा.

तरीही मी निवड कागदावरून करणार नाही. दहा मिनिटांच्या मुलाखतीऐवजी प्रत्येक उमेदवाराला आपल्याच संघाचा एक तासाचा सराव घ्यायला सांगा आणि आपण कडेला खुर्ची टाकून बसा. बास्केटबॉल न खेळलेल्या माणसालाही दिसतील अशा गोष्टी सांगतो. पंधरा मुले आणि पाच चेंडू असताना किती मुले रांगेत हात बांधून उभी आहेत ते मोजा. एकच रांग करून लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगखालून उडी मारत टाकायचा चेंडू, मारायला लावणारा प्रशिक्षक म्हणजे तासात प्रत्येकाला मोजून वीस उड्या. चूक दाखवताना तो काय सांगतो ते ऐका. ‘नीट खेळ’ हे वाक्य कोणीही म्हणू शकतो. ‘चेंडू हातात आल्यावर तुझा टेकलेला डावा पाय उचलला गेला, म्हणून ट्रॅव्हलिंग (चेंडू न आपटता पाय हलवण्याची चूक) झाले, पुन्हा कर’ हे वाक्य वेगळे असते. सर्वांत कच्च्या मुलाला तासाभरात किती वेळा चेंडू मिळाला ते पाहा. आणि शेवटी, मुले दमलेली असताना त्याने फ्री थ्रो मारायला लावले का, तेही पाहा, कारण सामन्यात फ्री थ्रो दमलेल्या हातांनीच मारावे लागतात आणि प्रतिस्पर्ध्यांचे एका डावात पाच फाऊल झाले की ते मिळतच राहतात. आपल्याकडील कितीतरी सामने तिथेच हातचे जातात. एरवी टाळ्या मिळवणारे खेळाडू या चार पावलांवरच्या, कोणी आडवे न येणाऱ्या फेकीला आळसाने तयारी करत नाहीत.

आणखी एक हिशेब करा. आठवड्याला पाच दिवस दीड तास आणि हाती दहा आठवडे असे धरले, तर सामन्यांआधी पंचाहत्तर तास मिळतात. त्यांतले कित्येक तास जुलै-ऑगस्टमध्ये येतात. सांगलीत स्वतःचा पाऊस फार नसतो, पण पाटण-महाबळेश्वरकडे धो धो कोसळला की कोयनेचे पाणी तुमच्याकडे उतरते हे मी सांगायला नको. म्हणून प्रत्येकाला विचारा की मैदान ओले असेल त्या दिवशी तुम्ही काय कराल. ‘सुट्टी देईन’ असे म्हणणाऱ्याला आणि ‘वर्गातली बाके सरकवून बचावात्मक पवित्र्यात पाय सरकवण्याचा सराव घेईन, फळ्यावर प्रत्येकाने मैदानाचा आपला भाग राखायचा झोन डिफेन्स समजावीन, स्कोअरशीट भरायला शिकवीन’ असे म्हणणाऱ्याला सारखे गुण देऊ नका.

सहा महिन्यांचे मानधन हा मात्र तुमच्या सगळ्या योजनेतला सडका वासा आहे. सामने संपले की प्रशिक्षक घरी, आणि जानेवारी ते मे या काळात ज्या नव्या मुलांचे पाय घडवायचे ती मुले जूनपर्यंत मैदानाकडे फिरकत नाहीत. बारा महिन्यांचे करा, रक्कम थोडी कमी ठेवावी लागली तरी चालेल, आणि मुदत तीन वर्षांची द्या.

रिबाउंड_मिरज

सरांच्या उत्तरानंतर खेळाविषयी मी फारसे सांगू नये. मी एका महाविद्यालयाच्या मुलींच्या संघातून चार वर्षे खेळले आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहिते.

आमच्याकडे दोन्ही संघांना एकच प्रशिक्षक होते आणि कागदोपत्री ते दोघांचेही होते. प्रत्यक्षात मुलांचा सराव साडेपाचला सुरू होई आणि मैदान आम्हाला पावणेसातला मिळे. तोवर आम्ही कडेला उभ्या राहून भिंतीवर चेंडू मारायचो. तासगाव, कवठेमहांकाळ बाजूच्या मुलींची एसटी त्याच सुमारास सुटायची, म्हणून त्या सरावाला थांबतच नसत आणि मग ‘नियमित येत नाहीत’ या कारणाने संघाबाहेर राहत. आमची सर्वांत उंच मुलगी अशीच गेली. ज्या खेळात रिंग ३.०५ मीटरवर असते आणि ती मुलींसाठी एक इंचानेही खाली येत नाही, तिथे आमचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू कोण, हे एसटीच्या वेळापत्रकाने ठरवले. म्हणून तुम्ही जे पान लिहाल, त्यात सरावाची वेळ पहिल्या ओळीत लिहा आणि ती लिहिण्याआधी तुमच्या मुली कोणत्या गावांहून येतात याची यादी समोर घ्या. सकाळी सहाचा सराव शहरातल्या मुलींना जमतो आणि बाहेरगावच्या मुलींनाही पहिल्या गाडीने पोहोचता येते. संध्याकाळचे मात्र घरचे लोक अंधार पडल्यावर परवानगी देत नाहीत, हे वास्तव आहे.

दुसरी गोष्ट चेंडूची. महिलांचा सामना सहा क्रमांकाच्या चेंडूने होतो; त्याचा घेर सुमारे ७२ सेंटीमीटर असतो. पुरुषांचा सात क्रमांकाचा चेंडू घेराने सुमारे ७६ सेंटीमीटर आणि वजनालाही जड. आमच्या साहित्याच्या खोलीत सहा क्रमांकाचा एकही चेंडू नव्हता. वर्षभर आम्ही सातने सराव केला आणि स्पर्धेत हातात हलका चेंडू आला, तेव्हा पहिल्या डावात आमचे निम्मे शॉट रिंगला न लागता बोर्डच्या वरच्या कडेवर आदळले. प्रेक्षकांतली मुले हसली. कोणत्याही उमेदवाराला सहज विचारून पाहा की मुलींसाठी कोणते साहित्य लागेल. चेंडूचा क्रमांक त्याच्या तोंडून न विचारता आला, तर तो मुलींच्या सरावाला खरोखर उभा राहिलेला माणूस आहे.

तिसरी गोष्ट प्रवासाची आणि सुरक्षिततेची. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना संघाबरोबर एक शिक्षिका असलीच पाहिजे. प्रशिक्षकाने मुलींशी वैयक्तिक संदेशांतून न बोलता गटावरच सूचना द्याव्यात. आणि तक्रार कोणाकडे करायची ते मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असतेच, पण खेळाडूंना ती माहीत नसते. तुमच्या सरावाला कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुली येत असतील, तर त्या अठरा वर्षांखालच्या आहेत आणि त्यांना २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा, कायदा लागू होतो, हेही त्या पानावर असू द्या. चांगल्या प्रशिक्षकाला अशा अटींचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

वखारभागातला

एवढे लांबलचक कशाला? आपला मुलगा आहे, आपल्याच मैदानावर घडला आहे, विद्यापीठाकडून खेळला आहे आणि मिरजेतच राहतो. कोल्हापूरचा माणूस एक वर्ष येईल आणि तिकडे काम मिळाले की जाईल. पोरे ज्याच्या शब्दाखातर मैदानावर येतात, त्यालाच द्या. सराव घेऊन दाखवायला लावणे म्हणजे मला तर माजी खेळाडूचा अपमान वाटतो.

सांगलीकर_रॅले

मूळचा विश्रामबागचा. गेली चौदा वर्षे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहतो. आजूबाजूला तीन मोठी विद्यापीठे बास्केटबॉलवर जगतात आणि प्रशिक्षक बदलला की गावातल्या न्हाव्याच्या दुकानातही दुसरा विषय नसतो. तिकडचे जसेच्या तसे इकडे आणता येणार नाही, पण काही गोष्टी उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो.

तिकडे एनसीएएची, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, बाद फेरी मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या सुरुवातीला संपते आणि प्रशिक्षकांच्या हकालपट्ट्या व नेमणुका त्याच सुमारास होतात. निर्णय मुख्यतः विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख घेतो, अनेकदा उमेदवार शोधून देणाऱ्या खासगी संस्थेची मदत घेतो, आणि करारात मुदतीआधी काढले तर किती रक्कम द्यायची तेही लिहिलेले असते. घाई करावी लागते, कारण प्रशिक्षक गेला की खेळाडूही दुसऱ्या विद्यापीठात जायला मोकळे होतात. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रसिद्धीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाल्यापासून तर ही ये-जा फारच वाढली आहे. आपल्याकडे ही घाई नाही. तुमची मुले कुठेही पळून जाणार नाहीत, त्यामुळे दोन आठवडे जास्त लागले तर लागू द्यात.

वखारभागातल्या मित्राला एक आदराने सांगावेसे वाटते. ज्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढला, तेच पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले व ६० हरले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच. ज्याने खेळ जन्माला घातला त्याच्याबाबतीत असे होते, तर उत्तम खेळलेल्या माणसाला तासभर सराव घेऊन दाखवायला सांगण्यात अपमान कसला?

मुदतीबाबत कराडच्या सरांशी मी सहमत आहे. आमच्या शेजारच्या ड्यूक विद्यापीठाने १९८० मध्ये माइक शेशेफ्स्की यांना नेमले, तेव्हा आधीच्या संघाबरोबरचा त्यांचा शेवटचा हंगाम ९ विजय आणि १७ पराभव असा होता. ड्यूकमधल्या पहिल्या तीन वर्षांत मिळून ३८ विजय आणि ४७ पराभव झाले. लोक त्यांना काढा म्हणत होते. क्रीडाप्रमुखाने काढले नाही, आणि २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर पाच राष्ट्रीय विजेतेपदे होती. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएचे जॉन वुडन १९४८ मध्ये रुजू झाले आणि पहिले विजेतेपद १९६४ मध्ये आले. पुढे १९७५ पर्यंत एकूण दहा. हेच वुडन दरवर्षी पहिल्या सरावाला खेळाडूंना मोजे कसे घालावेत ते शिकवत, कारण मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बाहेर बसतो. तुमच्या सिमेंटच्या मैदानावर हा धडा जास्तच लागू पडेल.

तुमच्या जुन्या प्रशिक्षकांविषयी वाचून मला टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट आठवल्या. १९७४ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी मुलींच्या संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा गणवेश धुण्यापासून सामन्यांना व्हॅन चालवत नेण्यापर्यंत सगळे त्याच करत. पुढे त्यांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदे आणि १,०९८ विजय मिळवले. अर्थात या यशस्वी लोकांकडे खेळाडूही असामान्य होते, हे विसरून केवळ धीर धरला की विजेतेपद येते असे कोणी समजू नये. धीर धरूनही काही न घडलेली उदाहरणे कोणी सांगत बसत नाही, इतकेच.

मातीतून_मॅटवर (कराड)

रॅलेकरांच्या शेवटच्या वाक्याला माझा पाठिंबा आहे आणि त्यासाठी एक दुरुस्ती सुचवतो. तीन वर्षांची मुदत द्या, पण दर मेमध्ये आढावा घ्या, आणि आढाव्यात जिंकलेले सामने शेवटी मोजा. सरावाची सरासरी हजेरी, प्रथम वर्षाची किती मुले टिकली, मुलींचा संघ बारा जणींचा झाला का, आपल्या किती खेळाडूंना विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत जाता आले, हे आधी पाहा. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात; आपला संघ विभागात हरला तरी एखादी चांगली खेळाडू विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊ शकते. निवड चाचणीत परीक्षक काय पाहतात हे ज्याला ठाऊक असेल, तो प्रशिक्षक त्या मुलीचे वर्ष वाया जाऊ देत नाही. आणि इथे मात्र तुमच्या माजी खेळाडूचा खरा उपयोग आहे, हे वखारभागातल्या मित्राने लक्षात घ्यावे.

कृष्णाकाठ_जिमखाना (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण ते पान लिहायलाच आठ दिवस गेले. प्राचार्यांनी तत्काळ मान्यता दिली. विश्वस्तांचे म्हणणे असे पडले की बारा महिन्यांचे मानधन दिले तर हॉलीबॉलवालेही मागतील. मागू द्यात, असे मी मनात म्हटले. शेवटी दहा महिन्यांवर तडजोड झाली. मुदत तीन वर्षे, दर मेमध्ये आढावा. मुलींच्या गावांची यादी केली तेव्हा अठरापैकी अकरा जणी बाहेरगावच्या निघाल्या, म्हणून आठवड्यातून चार दिवस सकाळी सव्वासहाला दोन्ही संघांचा एकत्र सराव, अर्धे मैदान मुलांना आणि अर्धे मुलींना, अशी अट घातली.

त्यानंतर तिघांनी वेगवेगळ्या दिवशी एकेक तास सराव घेतला आणि मी वही घेऊन कडेला बसलो. माजी विद्यार्थ्याचा तास अतिशय रंगला. तो स्वतःच मुलांबरोबर खेळू लागला, मुलांनी आरडाओरडा केला, आणि मुली तासभर रिंगखालून चेंडू आणून देत होत्या. त्याच्या हे लक्षातही आले नाही. मी सांगितले तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटले. कोल्हापूरच्या गृहस्थांच्या तासाला पहिली दहा मिनिटे मुले रांगेत उभी होती आणि मी वहीत तसे लिहूनही ठेवले, पण नंतर त्यांनी एका मुलीला धावत येऊन दोन पायांवर थांबायला ज्या पद्धतीने शिकवले, ते पाहून मी चकित झालो. पाच मिनिटांत तिचे ट्रॅव्हलिंग थांबले. शाळेतल्या सरांच्या तासाला चोवीस जण, सहा चेंडू, आणि कोणीही उभे नाही. विसाव्या मिनिटाला ते सगळ्यांना नावाने हाक मारत होते. पावसाचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी उत्तर न देता जिन्याकडे बोट दाखवले आणि पायऱ्या मोजायला गेले. मुलींसाठी काय लागेल असे विचारले, तर म्हणाले, सहाचे सहा चेंडू.

कोल्हापूरच्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितले की सव्वासहाला पोहोचणे रोज जमणार नाही आणि या मानधनात सांगलीत खोली घेऊन राहणे परवडणार नाही. कराडच्या सरांनी म्हटल्याप्रमाणे त्या पानानेच हा निर्णय केला. मुख्य प्रशिक्षक म्हणून शाळेतल्या सरांची शिफारस आम्ही केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि मेमध्ये दहा दहा दिवसांची शिबिरे कोल्हापूरच्या गृहस्थांनी घ्यावीत आणि त्यांचे वेगळे मानधन द्यावे, हे त्यांनी मान्य केले आहे. माजी विद्यार्थ्याला सहायक म्हणून आणि निवड चाचणीच्या तयारीसाठी यावे अशी विनंती केली. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. वखारभागातील मित्राची त्याच्याशी ओळख असल्यास एक शब्द टाकावा.

सरांच्या शाळेकडून ना हरकत पत्र यायचे आहे, ते आले की सोमवारपासून सराव सुरू होईल. तडकलेल्या बोर्डासाठी वेल्डरला दोनदा बोलावले, तो दोनदा उद्या म्हणाला. चेंडूंची खरेदी लेखा विभागात दरपत्रकांसाठी अडकली आहे.

मातीतून_मॅटवर (कराड)

मी असतो तर कोल्हापूरच्या माणसाला खोलीचे भाडे देऊन घेतले असते. पण तुमची वही मी पाहिलेली नाही. शिबिरांचे मानधन याच आर्थिक वर्षात काढा.

वखारभागातला

बोललो त्याच्याशी. रुसला आहे, पण येईल. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून येतो म्हणाला, फक्त मुलींच्या बाजूला सरांनी आधी दोन दिवस उभे करून शिकवावे अशी त्याची अट आहे.

रिबाउंड_मिरज

दरपत्रके येईपर्यंत थांबू नका. माझ्याकडे सहा क्रमांकाचे दोन चेंडू पडून आहेत, त्यांतल्या एकाची हवा हळूहळू जाते. शनिवारी मैदानावर आणून देते. पंप मात्र तुमचा लागेल.